पाटी कोणी काढली?

अमरावतीत कोणाच्या घरी मूल झाले आणि शेजारणीने बाळंतीण कुठे आहे म्हणून विचारले, तर 'जिल्हा स्त्री रुग्णालयात' असे लांबलचक उत्तर सहसा कोणी देत नाही. 'डफरीनला आहे' एवढेच सांगतात. अकोल्यात त्याच प्रश्नाचे उत्तर 'लेडी हार्डिंगला' असे मिळते. सरकारी दप्तरात कोणते नाव चालते याची फिकीर न करता लोकांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या टिकून राहिलेली ही नावे इंग्रजी अमदानीतील दोन व्हाइसरॉयांच्या पत्नींची. पैकी लेडी डफरीन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या इच्छेवरून १८८५ साली, पडद्यातील स्त्रियांना पुरुष डॉक्टरापुढे येण्याची चोरी असल्यामुळे, त्यांच्यासाठी स्त्री-वैद्य, परिचारिका आणि शिकलेल्या सुइणी तयार करण्याकरिता एक निधी उभारला. लेडी हार्डिंग यांच्या पुढाकाराने दिल्लीत स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची योजना झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने सुरू झाले. दोघींचेही काम मोठे होते आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. तथापि या दोघींपैकी एकीनेही कधी कोणाची नाळ कापली नव्हती. आणि ज्यांनी ती कापली, रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात वऱ्हाडच्या लेकीबाळींना मोकळे केले, त्या डॉक्टरीणबाई, त्या नर्सा, त्या आया, त्या सुइणी यांपैकी एकीचेही नाव कोणत्या इमारतीला चिकटले नाही.

विज्ञानाच्या इतिहासातील उपेक्षित स्त्रिया आणि त्यांच्यावर अलीकडे निघू लागलेले चित्रपट यांविषयी लिहिताना अमेरिकेतील कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांपासून सुरुवात करण्याचा आता शिरस्ताच पडला आहे, आणि मीही तेथे जाणारच आहे. परंतु वाटेत डफरीनच्या फाटकापाशी क्षणभर थांबण्याचे कारण असे की, पुढे ज्या चित्रपटांची चर्चा करावयाची आहे त्यांतही हाच प्रकार निराळ्या रूपाने आढळतो. चित्रपटाचे अप्रूप अमरावतीला मुळीच नाही. 'सीपी-बेरार' हा प्रांत राज्यपुनर्रचनेत नकाशावरून गेला, तरी चित्रपट-व्यवसायाच्या हिशेबात तो वितरणाचे एक क्षेत्र म्हणून अजून नांदतो, आणि त्या क्षेत्राच्या वितरकांनी आपल्या कचेऱ्या थाटण्यासाठी ज्या गावांची निवड केली त्यांत अमरावती हे एक प्रमुख गाव होते. पडद्यावर काय चालते आणि काय पडते, याची पारख या गावाला जुनी आहे.

'हिडन फिगर्स' हा थिओडोर मेल्फी यांचा चित्रपट २०१६च्या अखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मार्गो ली शेटर्ली या लेखिकेचे त्याच नावाचे पुस्तक आले होते, आणि त्या पुस्तकावरूनच चित्रपटाची कथा बेतलेली आहे. व्हर्जिनिया संस्थानातील हॅम्पटन गावी लँग्ले येथे विमानविद्येची सरकारी प्रयोगशाळा होती. वायुबोगद्यात विमानाच्या पंखांवर प्रयोग होत, त्यांतून आकड्यांच्या राशीच्या राशी निघत, आणि त्या राशी हाताने, फार तर खडखडणाऱ्या गणनयंत्राच्या मदतीने, उपसून त्यांची सूत्रे व आलेख तयार करावे लागत. हे काम १९३५पासून पाच स्त्रियांकडे सोपविण्यात आले. अभियंत्यांना स्वतःला जे करता आले असते त्याहून ते या मुली अधिक जलद आणि अधिक अचूक करतात, अशी कबुली अभियंत्यांनीच दिल्याचे १९४२ सालच्या एका सरकारी टिपणात नमूद आहे. कबुली दिली, पण हुद्दा दिला नाही: तेवढेच शिक्षण घेतलेल्या पुरुषाची नेमणूक 'व्यावसायिक' वर्गात होई आणि स्त्रीची 'उप-व्यावसायिक' वर्गात.

मग महायुद्ध आले. ए. फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगारनेत्याने राजधानीवर मोर्चा आणण्याची धमकी दिल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१च्या जून महिन्यात युद्धसाहित्याच्या कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत वर्णभेद करू नये असा हुकूम काढला, आणि त्या हुकुमाच्या आधारे १९४३मध्ये लँग्लेच्या पश्चिम विभागात पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया रुजू झाल्या. बहुतेकजणी शाळांतून गणित शिकविणाऱ्या होत्या. डोरोथी वॉन यांनी डिसेंबरात फार्मव्हिल गावची शिक्षिकेची नोकरी सोडली ती तात्पुरत्या मुदतीची जागा समजून. ती मुदत १९७१पर्यंत लांबली. मधल्या काळात, १९४९ साली, त्या पश्चिम विभागाच्या प्रमुख झाल्या आणि पुढे यंत्रसंगणक येताहेत हे दिसताच स्वतः फोरट्रान शिकून त्यांनी आपल्या हाताखालील बायकांनाही ती भाषा शिकविली. मेरी जॅक्सन १९५१मध्ये आल्या; त्यांना अभियंता व्हावयाचे होते, पण त्यासाठीचे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत असल्याने तेथे बसण्याची मुभा मिळावी म्हणून त्यांना हॅम्पटन शहराकडे अर्ज करावा लागला, आणि १९५८ साली त्या अभियंता झाल्या. कॅथरिन जॉन्सन १९५३मध्ये दाखल झाल्या आणि दोनच आठवड्यांत त्यांना उड्डाण-संशोधनाच्या शाखेत पाठविण्यात आले, तेथून त्या परत आल्याच नाहीत. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला त्यापूर्वी, नव्या आयबीएम यंत्राने काढलेले आकडे त्या बाईकडून हाताने ताडून घ्या, असे त्याने सांगितले होते. ते ताडून पाहण्यास कॅथरिनबाईंना दीड दिवस लागला.

चित्रपटात हे काम उड्डाणाच्या दिवशी, घड्याळाच्या काट्यांवर डोळे ठेवून, धावतपळत होते. ही सवलत मी दिग्दर्शकाला आनंदाने देईन. दीड दिवस टेबलाशी बसून गुणाकार करणारी स्त्री पडद्यावर दाखविणे कोणालाही साधणार नाही. निरनिराळ्या वर्षी घडलेल्या गोष्टी १९६१ या एका वर्षात कोंबल्या आहेत, आणि पश्चिम विभागातील अलग खोली वस्तुतः १९५८ सालीच, नासाची स्थापना होताना, मोडली गेली होती, हेही कथेच्या सोयीसाठी क्षम्य मानता येईल. जे मला क्षम्य वाटत नाही ते निराळेच आहे. चित्रपटातील कॅथरिन कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहाकडे पावसापाण्यात, कागदांचा भारा छातीशी धरून, रोज अर्धा मैल धावते. एके दिवशी तिचा संताप फुटतो. आणि मग तिचा गोरा वरिष्ठ, जो अनेक खऱ्या अधिकाऱ्यांचा मिळून बनविलेला एक काल्पनिक पुरुष आहे, हातात लोखंडी पहार घेऊन सर्वांदेखत त्या स्वच्छतागृहावरची पाटी फोडून टाकतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात त्या या जागी.

खरी कॅथरिन अशी धावली नाही. जवळच्या ज्या स्वच्छतागृहावर पाटी नव्हती ते ती बिनदिक्कत वापरीत राहिली. वणवण झाली ती मेरी जॅक्सन यांची. पाटीची गोष्ट मात्र खरोखरच घडली आहे आणि शेटर्ली यांच्या पुस्तकात ती तपशीलवार येते, फक्त ती स्वच्छतागृहातली नसून भोजनगृहातली आहे, आणि तीत पहार नाही. पश्चिम विभागाच्या बायकांसाठी भोजनगृहाच्या मागल्या कोपऱ्यात एक मेज राखून ठेवलेले असे आणि त्यावर कृष्णवर्णीय गणनकारांचे मेज म्हणून पुठ्ठ्याची एक पाटी उभी केलेली असे. मिरियम मॅन नावाची, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, अंगाने लहानखुरी बाई त्या मेजावर जेवावयास बसे. एके दिवशी तिने ती पाटी उचलली आणि आपल्या हातपिशवीत टाकली. काही दिवसांनी दुसरी पाटी आली. तीही पिशवीत गेली. नोकरी जाईल म्हणून नवरा भीत असे, मैत्रिणी श्वास रोखून पाहत असत, आणि पाटी ठेवणारा अज्ञात हात व पाटी उचलणारा ज्ञात हात यांचे हे अबोल युद्ध पुष्कळ दिवस चालून शेवटी एकदा नवी पाटी आली नाही ती आलीच नाही. सरकारी हुकमाशिवाय, भाषणाशिवाय आणि कोणाच्या मेहरबानीशिवाय वर्णभेदाचे एक चिन्ह एका बाईने पर्समधून घरी नेले, यापेक्षा चित्रपटाला योग्य असा प्रसंग कोणता असेल? परंतु तो घेतला गेला नाही. पाटी काढण्याचे श्रेय बाईच्या हातातून काढून साहेबाच्या हाती देण्यात आले, आणि ते देताना बहुधा कोणालाही आपण काही अन्याय करीत आहोत असे वाटले नसावे.

शिवाय मिरियम मॅन एकटी नव्हती. त्या मेजाभोवती बसणाऱ्या सगळ्याजणी तिच्या कृत्यात मौनाने सामील होत्या, जशा त्या खोलीत एकमेकींचे आकडे तपासताना त्या सामील होत. शेटर्ली यांचे पुस्तक या खोलीचा इतिहास आहे; चित्रपटाला तीन नायिका हव्या होत्या, आणि तीन ही संख्यादेखील व्यापाराच्या दृष्टीने धाडसाचीच मानली पाहिजे, कारण अशा चित्रपटांना साधारणतः एकच स्त्री परवडते.

खोलीभर बायकांच्या बोटांवर विज्ञान चालते आणि नाव तिसऱ्याचे लागते, हे पाहण्यासाठी वऱ्हाडच्या वाचकाला हॅम्पटनपर्यंत जाण्याची गरज नाही. १९७० साली सुरत येथे डॉ. चंद्रकांत पटेल यांनी कापसाचे 'एच-४' हे संकरित वाण दिले, त्यामागोमाग १९७२मध्ये धारवाडहून 'वरलक्ष्मी' आले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही आपली संकरित वाणे काढली, आणि दोन पिढ्यांत वऱ्हाडची पऱ्हाटी पार पालटून गेली. त्या पालटाचा इतिहास सांगताना संशोधकांची नावे येतात आणि ती यावयासच हवीत. पण कापसाचे फूल उभयलिंगी आहे. संकरित सरकी हवी असेल तर त्याचे लग्न माणसाने हाताने लावावे लागते. दुसऱ्या दिवशी उमलणारी पाती आदल्या दुपारी ओळखावयाची, अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी गोल चीर देऊन पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकाच हिसक्यात, आतल्या बीजकोशाला इजा न होऊ देता, उतरवून घ्यावयाची, तिला खुणेचा कागद लावावयाचा. सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग त्या उघड्या कुक्षीवर फिरवावयाचे आणि दोरा बांधावयाचा. एक परागकोश जरी आत राहिला तरी बी अशुद्ध झाले. जालना, देऊळगाव राजा या बाजूंना बीजोत्पादनाच्या शिवारांत या कामाला 'क्रॉसिंग' म्हणतात आणि ते प्रामुख्याने बाया आणि मुली करीत आल्या आहेत, रोजंदारीवर. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर्गात जी क्रिया प्रात्यक्षिक म्हणून एकदा करून दाखविली की गुण मिळतात, ती या बाया हंगामभर दिवसाला शेकड्यांनी करतात. त्यांना शास्त्रज्ञ म्हणा असा माझा आग्रह नाही. पण ज्या कौशल्याला लँग्लेच्या टिपणात अचूकपणा म्हटले आहे, ते हेच.

आता आपल्या भाषेतील चित्रपटाकडे वळू. समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' फेब्रुवारी २०१९मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या कादंबरीने मराठी मनात आनंदीबाई आणि गोपाळराव यांची जी जोडमूर्ती बसवून ठेवली आहे, तिच्या बाहेर जाणे कोणत्याही दिग्दर्शकाला सोपे नव्हते; बायकोने शिकावे म्हणून हट्टाला पेटलेला, तऱ्हेवाईक, प्रसंगी क्रूर नवरा हे पात्र नाट्यदृष्ट्या इतके जबरदस्त आहे की त्याच्यापुढे अठरा वर्षांची अबोल विद्यार्थिनी फिकी पडते. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत जुन्या मारहाणीची आठवणही आहे, आणि ती ज्या शांतपणे येते तो शांतपणा मला गोपाळरावांच्या सगळ्या आदळआपटीपेक्षा अधिक नाट्यमय वाटतो. परंतु मला येथे बोलावयाचे आहे ते फिलाडेल्फियाविषयी.

आनंदीबाई १८८३मध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी, पंडिता रमाबाई समक्ष हजर असताना, एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. नऊवारी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या ताबात इस्लामबुली यांचे १८८५चे एकत्र छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. त्या छायाचित्रात नसलेल्या एका विद्यार्थिनीची ओळख मराठी वाचकाला करून देणे मला अगत्याचे वाटते. तिचे नाव व्हेरिना हॅरिस मॉर्टन. ती कृष्णवर्णीय होती, तिचा जन्म आनंदीबाईंच्याच जन्मवर्षी, म्हणजे १८६५ साली झाला होता, १८८४मध्ये ती त्याच महाविद्यालयात आली आणि १८८८मध्ये पदवीधर झाली. म्हणजे दोन वर्षे या दोघी एका छपराखाली शरीरशास्त्र शिकत होत्या. त्या महाविद्यालयाने रिबेका कोल या कृष्णवर्णीय स्त्रीला १८६७ सालीच वैद्यकाची पदवी दिलेली होती, कॅरोलिन स्टिल अँडरसन यांना १८७८मध्ये; आणि आनंदीबाई तेथून बाहेर पडल्या त्याच वर्षी सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची आदिवासी मुलगी तेथे दाखल झाली, जी पुढे आपल्या जमातीची डॉक्टर झाली. कल्याणची ब्राह्मण मुलगी, गुलामगिरी कायद्याने संपली त्या वर्षी जन्मलेली कृष्णकन्या आणि ओमाहांची लेक यांना पाठोपाठ सामावून घेणारी ती इमारत हाच एक स्वतंत्र चित्रपट आहे.

आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झालेली होती, पण क्षयाने त्यांना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात नेले. एकाही रुग्णाला औषध न देता त्या अजरामर झाल्या. डॉ. व्हेरिना मॉर्टन यांना दीर्घायुष्य लाभले. त्या दक्षिणेत मिसिसिपी संस्थानात गेल्या, तेथील वैद्यकीय मंडळाची परीक्षा देऊन त्या संस्थानात व्यवसाय करणाऱ्या पहिल्या स्त्री डॉक्टर ठरल्या, होली स्प्रिंग्ज येथील रस्ट महाविद्यालयात निवासी वैद्य म्हणून राहिल्या. पुढे ब्रुकलिनमध्ये त्यांनी दवाखाना थाटला, गरिबांसाठी लिंकन सेटलमेंट ही संस्था उभारली, आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या नायगारा चळवळीत पडून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संचालक मंडळावर काम केले. पंचावन्न वर्षांच्या या कर्तृत्वाला चित्रपट लाभला नाही. अकाली मृत्यू पटकथेला फार सोयीचा पडतो. प्रदीर्घ, उपयुक्त आणि यशस्वी आयुष्याचे काय करावे हे पटकथाकारांना कळत नाही.

डॉ. रखमाबाई यांची गत याहून फारशी निराळी नाही. अनंत महादेवन यांनी २०१६मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि तनिष्ठा चटर्जी यांनी ती भूमिका केली. पण रखमाबाई म्हटले की दादाजी भिकाजीचा खटला येतो, १८८४ ते १८८८ची चार वर्षे येतात. आणि लंडनहून १८९४मध्ये डॉक्टर होऊन आल्यावर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी काढलेली पुढली कित्येक वर्षे, ज्यांत खरोखर रोज नाळा कापल्या जात होत्या, ती तळटिपेत जातात.

कमला भागवत, म्हणजेच लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी, यांच्या चरित्रात पटकथेला हवा तो एक प्रसंग जरूर आहे आणि म्हणूनच तोच तेवढा वारंवार सांगितला जातो. मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी १९३३मध्ये बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मुलगी म्हणून तो फेटाळला, कमलाबाईंनी त्यांच्या दारात सत्याग्रह करण्याची तयारी दाखविली आणि अखेरीस एक वर्षाच्या परीक्षाकाळाची, व पुरुष संशोधकांचे चित्त विचलित न करण्याची अट घालून त्यांना प्रवेश मिळाला. नोबेल मिळविलेल्या शास्त्रज्ञाच्या तोंडी ही अट शोभली नाही, हे कमलाबाईंनी उतारवयात जाहीरपणे बोलून दाखविले होते. त्यांच्या कामाने रामन यांचे मन बदलले आणि त्या संस्थेची दारे मुलींना खुली झाली, येथे गोष्ट संपविण्याचा प्रघात आहे. वास्तविक येथे ती सुरू होते. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य असते, हे त्यांनी दाखविले. उणीपुरी चाळीस पानांचा प्रबंध लिहून चौदा महिन्यांत १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. आणि परत येऊन नोकरी धरली ती दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात, ज्याचे नाव अकोल्याच्या बाळंतिणींच्या तोंडी आहे. पुढे कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञानसंस्था. तेथे राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला आणि तीतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना गुणकारी ठरतात असे सिद्ध केले. ज्या जिल्ह्यातील मेळघाटचे कुपोषण १९९०नंतर देशभर गाजले, त्या जिल्ह्याच्या वाचकाला या नीरेच्या संशोधनाची किंमत समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. पण नीरेत नाट्य नाही. रामन यांच्या दारात आहे, आणि त्या दृश्याच्या केंद्रस्थानी पुन्हा अखेरीस दार उघडणारा पुरुषच उभा आहे.

'मिशन मंगल' या २०१९च्या हिंदी चित्रपटाचा उल्लेख केवळ पूर्ततेसाठी करतो. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सुटले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्यामागे रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मौमिता दत्ता, मीनल रोहित अशा अनेक खऱ्या, हयात आणि बोलत्याचालत्या स्त्रिया होत्या. चित्रपटात त्यांपैकी कोणी नाही. तारा शिंदे नावाची एक काल्पनिक गृहिणी-शास्त्रज्ञ आहे, जिला इंधनबचतीची कल्पना पुऱ्या तळताना सुचते, आणि जाहिरातींत सर्वांत ठळक चेहरा नायकाचा.

अमेरिकेत जे वर्णाने केले ते आपल्याकडे जातीने केले, ही तुलना नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक नीग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हाच ती झाली. तिच्या उजेडात पाहिले तर आनंदीबाई, रखमाबाई, कमलाबाई यांच्याही मागे एक रांग दिसते आणि ती अंधारात आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात मांग जातीच्या स्त्रिया सुइणीचे काम करतात अशी नोंद आहे. जिचा स्पर्श एरवी विटाळ मानावयाचा, तिच्या हातात वतनदाराच्या घरचा वंशाचा दिवा प्रथम यावयाचा, आणि बाराव्या दिवशी ती पुन्हा उंबऱ्याबाहेर, हा व्यवहार गावोगाव बिनबोभाट चालला. मूल आडवे आहे की पायाळू, हे पोटावरून हात फिरवून सांगणारे ज्ञान पिढ्यानपिढ्या ज्यांनी सांभाळले त्यांची नोंदवही कोणी ठेवली नाही; आणि डफरीन निधीच्या काळात त्याच बायांना 'अडाणी दाई' ठरवून शिक्षण देण्याची भाषा सुरू झाली. त्यांच्या रीतींत घाण होती, धनुर्वाताने मुले दगावत, हे खरेच. पण अडाणीपणाबरोबर अनुभवही मोडीत निघाला. या बायांचे स्वतःचे बाळंतपण कसे होई, ते मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिले आहे: डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्याचा निवारा नाही. दुसऱ्यांच्या बाळंतघरातील जाणत्या बाईची ही स्वतःची स्थिती, आणि ती लिहून ठेवणारी मुलगी अवघी चौदा वर्षांची.

या पार्श्वभूमीवर अमरावतीच्याच एका बाईचे नाव येथे नोंदवून ठेवतो. १९२७च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली ती या गावच्या इंद्रभुवन नाट्यगृहात. पंधरा वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. र. धों. कर्व्यांना संततिनियमनापायी प्राध्यापकी सोडावी लागली होती त्या गोष्टीला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती, आणि सुलोचनाबाईंनी व्यासपीठावरून मुलींच्या शिक्षणाबरोबर संततिनियमनाचाच पुरस्कार केला. त्यांच्याजवळ वैद्यकाची सनद नव्हती. विज्ञानाच्या इतिहासात त्यांना जागा मिळणार नाही, आणि मागण्याचा मलाही अधिकार नाही. परंतु जे शास्त्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून कष्टकरी बाईच्या शरीरापर्यंत पोहोचावयाचे होते, ते पोहोचविणाऱ्यांत त्यांची गणना न करणे मला कठीण वाटते. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाविरुद्ध ठराव केला, गिरण्यांतील व इतर कामकरी स्त्रियांना पगारी रजा आणि इजेबद्दल भरपाई मिळावी अशी मागणी केली. चार वर्षांनी बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांच्याबरोबर आनंदीबाईंच्या महाविद्यालयातील डॉ. व्हेरिना मॉर्टन यांनी काम केले होते. नागपूरच्या त्या मंडपात पंचवीस हजारांच्या आसपास बायका आल्या होत्या असे सांगतात. उद्या कोणी वऱ्हाडी दिग्दर्शकाने या विषयाला हात घातलाच, तर एवढ्या बायकांतून एक नायिका निवडताना त्याची पंचाईत होईल, आणि पाटी फोडून देणारा कनवाळू साहेब तर त्याला या सगळ्या कागदपत्रांत कुठेच सापडणार नाही.